झाडीपट्टीची अक्षरं जगापुढे ठेवताना : आमची वाटचाल

वैनगंगेच्या पलीकडे वडसा, अलीकडे आमचं गाव. कागदोपत्री वडशाचं नाव देसाईगंज आहे, पण नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत जी झाडीपट्टी रंगभूमी चालते, तिच्या कितीतरी कंपन्यांचं बिऱ्हाड तिथे असतं. दिवाळी झाली, धान कापून झालं की मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागतात आणि गावोगावी नाटकं लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपेस्तोवर उजाडायला येतं. होळीपर्यंत हा हंगाम. या नाटकांची पोस्टरं, पाम्प्लेटं आणि फ्लेक्स करणं हे आमच्या फर्मचं मूळ काम. आम्ही तिघं आहोत : मी, माझा धाकटा भाऊ आणि आमचे मामा. मामांनी उभं आयुष्य भिंती आणि पाट्या रंगवल्या. आमच्या अक्षरांचा हात त्यांचा आहे.

इथे बसून तुम्ही ऑनलाइन डिझाइनवाल्यांच्या नजरेत कसे आलात, असं विचारणारे आता बरेच भेटतात. सिंदेवाही, नागभीड, अर्जुनी मोरगावकडची कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलेली पोरं-पोरी तर हमखास विचारतात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ऑनलाइन जाण्यामागे पोटाचं कारण होतंच. होळी ते दिवाळी हातात लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि शाळांचे बॅनर एवढंच काम उरतं. पण त्याहून मोठी गरज वेगळी होती. आमचं काम बघून कंपनीवाले "भारी झालं" म्हणायचे आणि पुढच्या पोस्टरचा मजकूर हातात द्यायचे. त्यांचं समाधान आम्हाला मोलाचंच आहे. पण उकार शिरोरेषेपासून नीट लांबीवर आहे का, जोडाक्षर दाटलं आहे का, हे सांगणारं कुणी जवळ नव्हतं. मामा सांगायचे, पण मामांच्या पुढे जाऊन सांगणारं कुणीतरी मामांनाही हवं होतं.

डिझाइनवाले आपलं काम ऑनलाइन मांडतात त्या बिहान्स आणि ड्रिबल या दोन साइट भावाने शोधून काढल्या. ड्रिबल २००९ साली सुरू झालं तेव्हा आत यायला आधीच्या सभासदाचं आमंत्रण लागायचं आणि काम ४०० बाय ३०० पिक्सेलच्या चौकटीत दाखवायचं असा शिरस्ता होता. बिहान्स २०१२ च्या अखेरीस डिझाइनची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या अडोबी कंपनीने विकत घेतलं आणि तिथली गर्दी वाढतच गेली. आम्ही पोहोचलो तोवर दोन्हींची दारं सगळ्यांना उघडी होती. नव्या माणसाची अडचण त्यामुळे बदलली आहे. पूर्वी आत येणं अवघड होतं, आता आत आल्यावर दिसणं अवघड आहे. ज्याला आधीच हजारो लोक ओळखतात त्याचं काम टाकल्या टाकल्या वर जातं, नवख्याचं काही मिनिटांत खाली सरकतं. यात कुणाचा दुष्टावा नाही, गर्दीची रीतच तशी आहे.

दाखवायचं काय, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. बाहेर बघावं तर मोबाइल ॲपचे पडदे, कॉफीच्या दुकानांचे लोगो आणि गुळगुळीत त्रिमिती चित्रं. ते काम उत्तम करणारे बेंगळुरूपासून बर्लिनपर्यंत बसले आहेत. आमच्याजवळ जे होतं ते त्यांच्याजवळ नव्हतं, म्हणून पहिल्यापासून नाटकाची पोस्टरंच ठेवायची असं ठरलं.

पण झाडीपट्टीचं पोस्टर जसंच्या तसं ठेवून चालत नाही. त्यावर मजकूर किती असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. वर कंपनीचं नाव, मग नाटकाचं, मग लेखक, दिग्दर्शक, निर्माता, संगीत, एकेका नटाचा कापून घेतलेला फोटो आणि त्याखाली नाव, तळाशी बुकिंगचे मोबाइल नंबर. यातलं काही गाळता येत नाही. गावातलं मंडळ नाटक ठरवायला येतं तेव्हा कोणकोण नट आहेत ते पोस्टरवरूनच बघतं. कुणाचा फोटो वर, कुणाचं नाव किती मोठं, हा मानाचा प्रश्न असतो. "ताई, हिरोइनचं नाव मोठं करजा, पण कॉमेडीवाल्याचं लहान नको करजा," असं सांगून निर्माते जातात आणि दोन्ही गोष्टी त्याच कागदावर साधायच्या असतात. चौकात भिंतीवर लावलेलं हे पोस्टर माणूस जवळ उभं राहून वाचतो. मोबाइलवर बोटाएवढ्या चौकटीत मात्र त्याचा नुसता रंगीत गोळा दिसतो.

म्हणून आम्ही पोस्टर उकलून दाखवायचं ठरवलं. मुखपृष्ठाच्या चौकटीत फक्त शीर्षकाची अक्षरं, मागे एकच सपाट रंग. प्रोजेक्ट उघडल्यावर खाली सगळा प्रवास : मामांनी जुन्या वर्तमानपत्रावर ब्रशने ओढलेलं अक्षर, त्यावरून केलेलं पेन्सिलचं रेखाटन, संगणकावरचं आखीव रूप, मग पूर्ण पोस्टर आणि शेवटी ते भिंतीवर लागल्याचा फोटो. नावांची उतरंड कशी ठरते हे एका वेगळ्या पानावर बाण काढून समजावलं. कंपन्यांची आधी परवानगी घेतली. अक्षर आमचं असलं तरी नाटक त्यांचं आहे.

मजकूर आधी मराठीत आणि त्याखाली सोप्या इंग्रजीत लिहिला. मराठी वर ठेवण्याबद्दल भाऊ साशंक होता, मी अडून बसले. काम देवनागरीचं असताना तिची भाषा खाली कशाला ढकलायची?

देवनागरी न वाचता येणाऱ्यांसाठी आणखी एक पान केलं. एका मोठ्या शब्दावर शिरोरेषा, काना, वेलांटी, उकार, मात्रा, रफार या सगळ्यांच्या जागा दाखवल्या. त्याच पानावर मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीच्या वळणाशेजारी ठेवला. राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण धरली आहेत, तरी फुकट मिळणाऱ्या अनेक फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण भाषा मराठी निवडल्यावरच दिसतं, तेही फॉन्टात सोय असेल तर. आमच्या सगळ्या कामांत हे साधं पान सर्वांत जास्त लोकांनी जपून ठेवलं. शिकवणाऱ्यांनी ते विद्यार्थ्यांना दाखवलं, विद्यार्थी आमचं बाकीचं काम बघायला आले. दुसऱ्याच्या कामाला येईल असं काही ठेवलं की लोक आपसूक थांबतात, हे आम्हाला तिथे दिसलं.

पण नुसतं आपलं ठेवून भागत नाही, आणि या भागावर मला जास्त लिहायचं आहे, कारण नवी पोरं नेमकी हाच भाग सोडून देतात. आम्ही आपलं काम टाकण्यापेक्षा दुसऱ्यांचं बघण्यात जास्त वेळ घालवला. दिवसा गावात नेट रडतखडत चालायचं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बसायचो. कुणाचं काम आवडलं की "सुंदर" एवढंच लिहून पुढे जायचं नाही, असा नियम केला. काय आवडलं, कुठल्या वळणापाशी नजर थांबली, तिथे असं का केलं, हे विचारायचं. मामांना इंग्रजी येत नाही. ते पडद्याकडे बघून बोलायचे आणि मी लिहायची. "बाई, ह्या अक्षराचं पोट भरलं आहे, पाय हलके झाले. विचार त्यांना, मुद्दाम केलं का." पलीकडचा माणूस या प्रश्नावर दोन परिच्छेदांचं उत्तर पाठवायचा. इतक्या बारकाईने आपलं काम कुणी पाहावं, ही भूक आम्हाला होती तशी त्यांनाही होतीच.

एका परदेशी विद्यार्थ्याने हिंदी शब्दांचं सुंदर पोस्टर केलं होतं, पण सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या आधी यायच्या सोडून नंतर पडल्या होत्या आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली होती. देवनागरी वाचणाऱ्याला हे चटकन खटकतं, न वाचणाऱ्याला कळतही नाही. कारणही साधं असतं. अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करून दक्षिण आशियाई अक्षरजुळणी निवडावी लागते, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. ते केलं नाही तर संगणक अक्षरं आली त्या क्रमाने नुसती मांडतो. त्या पोस्टरखाली तीनचार लोकांनी आधीच टिंगल केली होती. आम्ही त्याला खासगी निरोप पाठवला, सोबत सेटिंगचे फोटो आणि बरोबर जुळलेले शब्द दिले. त्याने पोस्टर दुरुस्त करून पुन्हा ठेवलं आणि आमचं नाव घेऊन आभार मानले. त्याचे मित्र आमच्याकडे आले, मग मित्रांचे मित्र. अक्षरजुळणीच्या शंका विचारायला माणसं आमच्याकडे येऊ लागली ती तेव्हापासून. डीटीपीवाल्यांना या शंकांची उत्तरं तोंडपाठ असतात. श्रीलिपी या जुन्या टायपिंग पद्धतीतून आजच्या युनिकोडमध्ये मजकूर आणताना कुठला रफार हरवतो हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

बार्सिलोनाहून २०१४ साली सुरू झालेल्या '३६ डेज ऑफ टाइप' या उपक्रमातही आम्ही उतरलो. त्यात रोज एक याप्रमाणे रोमन लिपीची २६ अक्षरं आणि १० अंक काढायचे असतात. जगभरचे लोक एकाच दिवशी एकच अक्षर काढतात, त्यामुळे नवख्याचं अक्षर मोठ्या कलाकाराच्या अक्षराशेजारी येऊन बसतं. २६ अक्षरं आम्ही मामांच्या ब्रशने काढली, अंक मात्र देवनागरीतले. ५, ८ आणि ९ यांची मुंबईकडची वळणं उत्तरेकडच्या वळणांपेक्षा वेगळी आहेत, ती दोन्ही शेजारी मांडली. अक्षरांपेक्षा अंकांवर जास्त बोलणं झालं. मुंबईच्या एका अनुभवी अक्षररचनाकाराने आमच्या ९ ची शेपटी जड झाल्याचं कळवलं. मामांनी तो निरोप माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर नुसते नऊ काढत बसले.

या वाटेवर दोन गोष्टींना आम्ही नकार दिला, आणि आजही देतो. एक म्हणजे "तू माझं पसंत कर, मी तुझं करतो" असे गट. त्यातून आकडा फुगतो, पण काम कुणी पाहत नाही. दुसरं, फुकटच्या लोगो स्पर्धा. शेकडो जणांनी पूर्ण काम करायचं, पैसे एकालाच मिळायचे आणि बाकीच्यांना "ओळख मिळेल" म्हणायचं, हे श्रमाला धरून नाही. धान रोवणाऱ्या बाईला कुणी असं सांगत नाही. एका ठिकाणी आमची अक्षरं नाव न देता जाहिरातीत वापरली गेली. तारखांसकट आमची रेखाटनं ऑनलाइन होती, ती दाखवल्यावर जाहिरात उतरली. कामाचा प्रवास मांडून ठेवण्याचा हाही एक उपयोग.

मग कामं आली. पुण्याहून पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची अक्षरं, नागपूरहून दिवाळी अंकाचं शीर्षक, एका माहितीपटाची नामावली. अर्धे पैसे आधी, दुरुस्त्या दोनदा, आणि मूळ रेखाटन आमच्याकडे, या अटी आम्ही सगळ्यांना सांगतो. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीबद्दल बाहेर बरंच कुतूहल वाढलं आणि शोधत आलेली माणसं आमच्या पोस्टरांपाशीही पोहोचली. आता उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही टेबल रिकामं राहत नाही. हंगामात मात्र पहिलं काम नाटकाचं, मग बाहेरचं. तारीख ठरली की पोस्टरं त्याआधी गावात लागलीच पाहिजेत. लेकी-जावयांना, सोयऱ्याधायऱ्यांना निरोप त्यावरूनच जातात.

मला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट इथेच घडली. एका कंपनीच्या मालकांनी मोबाइलवर आमचा प्रोजेक्ट पाहिला, खालचे परक्या देशांतल्या लोकांचे अभिप्राय भावाकडून मराठीत समजून घेतले आणि म्हणाले, "मंग तुमचं नाव काऊन नाही पोस्टरवर?" त्या हंगामापासून त्यांच्या पोस्टरच्या तळाशी, प्रकाशयोजनेच्या ओळीनंतर, 'अक्षररचना' म्हणून मामांचं नाव येतं. आता आणखी कंपन्यांनीही ते सुरू केलं आहे. पाट्या रंगवल्या तेव्हा मामांना कोपऱ्यात सही करायची मुभा असायची, संगणक आल्यावर तीही गेली होती.

सध्या आम्ही झाडीपट्टीच्या जुन्या पत्रकांचा संग्रह करत आहोत. संगणक येण्याआधीची, छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली किंवा शीर्षक हाताने काढून ब्लॉक केलेली पत्रकं आम्हाला पाहिजेत. त्यातल्या अक्षरांवरून एक पूर्ण देवनागरी फॉन्ट करायचा आहे आणि तो सगळ्यांना मोफत वापरता येईल अशा परवान्याखाली ठेवायचा आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले मुक्ता आणि मोदक हे फॉन्ट जसे आज कुणालाही मिळतात, तसा. कुणाच्या घरी ट्रंकेत, नाट्यमंडळाच्या दप्तरात किंवा जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला लावलेलं असं पत्रक असेल तर कळवा. फाटकं असलं तरी चालेल. गाव आणि अंदाजे साल सांगा. आम्ही येऊन तिथेच स्कॅन करू, कागद तुमच्याकडेच राहील, आणि स्कॅनची एक प्रत तुमच्या मंडळालाही देऊ.