घोड्याच्या केसांचा ब्रश, पहिला आठवडा

आज नाशिकची थंडी, गीझरचं पाणी आणि घोड्याच्या केसांचा नवा कोरा दाढीचा ब्रश. भिजवला की पहिल्यांदा तबेल्याचा वास येणारच. घाबरून फेकू नका!

शांपूचा एक थेंब घालून कोमट पाण्यात दोनदा धुवायचा. मग साबणाचा दाट फेस करून तो ब्रशमध्येच रात्रभर राहू द्यायचा आणि सकाळी धुवून टाकायचा. दोन-तीन रात्रींत वास जातो. उकळतं पाणी मात्र नको, मुठीत केस धरून ठेवणारा डिंक सैल पडतो.

या ब्रशात आयाळीचे केस मऊ, शेपटीचे ताठ. डुकराच्या केसांच्या ब्रशासारखा बराच वेळ भिजवावा लागत नाही, दोन मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात पाच-दहा केस गळतील. रोज मूठभर गळायला लागले तर माल खराब, परत करा.

खरी गंमत हाताच्या चालीत आहे. गालावर गोल गोल घासलंत की लांब केस एकमेकांत अडकतात आणि मधोमध गाठ बसते. भिंतीला रंग देतात तसा खाली-वर फिरवा. गाठ झालीच तर ओल्या ब्रशावरून रुंद दातांचा कंगवा फिरवा, आधी टोकं सोडवा, मग हळूहळू मुळाकडे सरका.

बोअरचं जड पाणी असेल तर फेस टिकत नाही आणि केसांवर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा कपभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, पाच मिनिटं. वापरून झाला की झटकून मोकळ्या हवेत ठेवा, ओला डबीत कोंबू नका.