एकवीसची अट आणि चार घरच्या सह्या

कामाचं आधी सांगते. हे मला कोणी नोव्हेंबरात सांगितलं असतं तर आमचे सव्वीस दिवस आणि उदगीरच्या मैत्रिणीच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, दोन चकरा वाचल्या असत्या. मैत्रिणींसोबत क्रूझवर जायचं असेल आणि तुमचं वय १८ आणि २१ च्या मधलं असेल, तर कंपनी कोणती याच्याही आधी जहाज सुटतं कुठून ते बघा. एकाच कंपनीचा नियम बंदरागणिक बदलतो. रॉयल कॅरिबियनचं जहाज अमेरिकेतून सुटणार असेल तर प्रत्येक केबिनमध्ये एक जण २१ किंवा त्याहून मोठा लागतो. तीच कंपनी सिंगापूर, युरोप किंवा ऑस्ट्रेलियातून निघते तेव्हा १८ पुरतात. कार्निव्हल आणि नॉर्वेजियन यांचीही अमेरिकेतली अट २१ चीच. आणि वय धरतात ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नाही. आम्ही सिंगापूरहून जाणार होतो. तरीही आम्हाला २१ ची अट लावली, कशी ते पुढे येतंच.

आम्ही चौघी लातूर जिल्ह्यातल्या. मी औशाची, बाकीच्या निलंगा, अहमदपूर आणि उदगीरच्या. आमची दहावीची बॅच २०२१ ची, परीक्षाच न झालेली. नंतर तीन वर्षं एकत्र डिप्लोमा केला आणि २०२४ च्या जुलैत छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलो. बजाजनगरला एका खोलीत चौघी राहतो. पहिल्या पगारानंतरच भिशी धरली, प्रत्येकी महिन्याला चार हजार, अठरा महिने. आमच्यातली एकही तोवर समुद्राला गेलेली नव्हती, मग जायचं तर जहाजानेच जायचं असं ठरलं. घरून एक रुपया घेतला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "वडील काय म्हणतात?"

पासपोर्ट सगळ्यांचे आधीच झाले होते, त्यात काही अडलं नाही. फेब्रुवारीतली तारीख धरली, दोन केबिन. दिवाळी झाल्यावर शहरातल्या एका एजंटकडे गेलो. त्याने जन्मतारखा लिहून घेतल्या आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुमच्यात २१ ची एकही नाही."

चौघींत मोठी मी. जहाज सुटणार त्यानंतर एकोणीस दिवसांनी मला २१ पूर्ण होणार होती. सगळ्यात धाकटी अहमदपूरची, १९ ची.

त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. इंग्रजीत होता. २१ खालच्यांना सोबत मोठं माणूस हवं, नाहीतर लग्न झालेलं असावं, असं त्यावर होतं. कागद वाचून त्याने खरंच विचारलं, "लग्न झालंय का कुणाचं?" निलंग्याची उठून बाहेर गेली. मी बसून राहिले, कारण अट खरी असेल तर मार्ग काढायचा होता. तो म्हणाला, घरातलं कोणी मोठं घ्या, एका केबिनमध्ये एक. म्हणजे आणखी दोन माणसं, दीड लाखाच्या घरात खर्च. नाहीतर तारीख एप्रिलमध्ये ढकला. पण एप्रिलमध्येसुद्धा २१ ची मी एकटीच झाले असते आणि केबिन दोन होत्या. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, मग चौघींच्या वडिलांचं संमतिपत्र आणा, ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरी केलेलं. मुंबईच्या ऑफिसला पाठवून बघतो.

मी सज्ञान आहे. १८७५ चा सज्ञानतेचा कायदा आहे आपल्याकडे, तोसुद्धा १८ च म्हणतो. ७ मे २०२४ ला, औसा ज्यात येतं त्या उस्मानाबाद लोकसभेला मी मतदान केलं आहे. कंपनीत माझ्या सहीने माल पास होतो. आणि सुट्टीवर जायला बापाची सही? आमचे बाबा मला कधी नाही म्हणाले नाहीत, प्रश्न तो नव्हताच.

तरी आणली. रात्रीच्या एसटीने गावी गेले. बाबा तुरीच्या राशीवर होते, तसेच हात झटकून माझ्यासोबत औशाला आले. निलंग्याच्या मैत्रिणीचे वडील त्याच दिवशी आले. अहमदपूरचं दुसऱ्या आठवड्यात झालं. स्टॅम्पचे पाचशे, वर टायपिंग आणि नोटरीचे वेगळे, असं प्रत्येकीचं हजाराच्या आसपास गेलं.

उदगीरच्या मैत्रिणीचे वडील २०१९ मध्ये वारले. काकू मजुरीला जातात. एजंटला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आईचं चालेल" असं त्याने म्हटलंही होतं. काकू कामाचा खाडा करून तालुक्याला आल्या, त्यांनी सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडून करतात. नोटरीसमोर रांग होती, मागचा माणूस घाई करत होता. काकूंनी मला एवढंच विचारलं, "कशाला लागती गं माय ही सही? तू तर संगं हैस की." मी म्हणाले, नियम आहे काकू.

आठ दिवसांनी एजंटचा फोन आला. मुंबईच्या ऑफिसने तीन कागद परत पाठवले होते. काकूंच्या कागदासोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला हवा. तो दाखला घरात होता, पण त्यावरचं आडनाव आणि काकूंच्या आधारवरचं आडनाव एका अक्षराने वेगळं, म्हणून दोन्ही नावं एकाच घरातली आहेत असं आणखी एक प्रतिज्ञापत्र. काकूंचा दुसरा खाडा. दुसरी हरकत माझ्या आणि निलंग्याच्या कागदावर: दोन्ही वडिलांची जन्मतारीख १ जून कशी? कोणीतरी एकाच हाताने भरलंय असा त्यांना संशय.

मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आमच्या बाबांच्या पिढीत ज्यांच्या जन्माची कुठे नोंद नव्हती, त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. माझे बाबा, दोन्ही काका, शेजारचे तिघे, सगळे १ जूनचे. मी हे फोनवर तीन वेळा समजावलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीम घेत नाही." कोणती सिस्टीम, ती वडिलांची जन्मतारीख मागतेच कशाला, हे त्यालाही सांगता आलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा रडले. रागानेच.

आणि त्याच रात्री जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ज्या कंपनीचं जहाज होतं तिच्या साईटवर जाऊन प्रवासाच्या अटी उघडल्या, तिकिटाचा करार असतो तो, आणि वयाचं कलम शोधलं. इंग्रजी कलम दोनदा मोठ्याने वाचलं. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांसाठी २१, आमच्या बंदरासाठी १८. एजंटच्या टेबलावरचा कागद अमेरिकेचाच होता. ज्याने तो छापून ठेवला त्याने वरची ओळ कधी वाचलीच नव्हती. अमेरिकेत दारू प्यायचं वयसुद्धा २१ आहे, १९८४ च्या कायद्यापासून, आणि तिथल्या जहाजांवर हा आकडा सगळीकडे भेटतो. आमच्या खोलीतल्या चौघी सिंगापूरला जाणार होत्या, मायामीला नाही.

मग मी कंपनीला सरळ ईमेल लिहिला. तुम्हालाही हेच सांगेन: फोन करू नका, लिहा. जहाजाचं नाव, सुटण्याची तारीख, बंदर, चौघींच्या जन्मतारखा आणि दोनच प्रश्न: आम्ही चौघी मोठ्या माणसाशिवाय जाऊ शकतो का, आणि संमतिपत्र लागतं का. दोन दिवसांत उत्तर आलं. जाऊ शकता. लागत नाही.

ते उत्तर छापून एजंटच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आधीच सांगायचं ना." मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर बुकिंग दुसरीकडे करावी लागली असती आणि तेवढे दिवस हातात नव्हते. या सव्वीस दिवसांत एका केबिनमागे नऊ हजार वाढले होते आणि जवळजवळच्या दोन केबिन संपल्या होत्या. आम्हाला एक सातव्या मजल्यावर मिळाली, एक तिसऱ्या. नोटरीचे पैसे मागितले, मिळाले नाहीत.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. १८ ही जहाजावर चढायची अट झाली, प्रत्येक गोष्टीचं वय त्यात येत नाही. सिंगापुरात दारूचं वय १८ आहे, पण सिगारेट आणि कसिनोचं २१. आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. आम्ही चौघींपैकी कोणी यातलं काही घेत नाही, पण घरच्यांना हे नीट सांगता आलं म्हणून त्यांची निम्मी काळजी गेली. आणि तुमच्यात कोणी १७ चं असेल तर वाढदिवस जहाज सुटायच्या आधी येतो का ते पहिल्यांदा मोजा. तो एका दिवसानेही नंतर येत असेल तरी मुलाला पालक लागतील, मग ईमेल लिहूनच विचारा.

व्हिसाचं राहिलं. जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता, म्हणून मल्टिपल एंट्री लिहिलेली आहे का ते बघून घ्या. फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटचे पैसे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. आमच्या बजाजनगरच्या स्टुडिओने निळ्यावर काढला होता, परत काढावा लागला. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. जहाज मलेशिया आणि थायलंडला थांबणार असेल, तर आम्ही गेलो तेव्हा तिथे आपल्याला व्हिसा लागत नव्हता, पण दोन्हीकडचं डिजिटल अरायव्हल कार्ड आधीच्या तीन दिवसांत भरायचं. सिंगापूरचंही तसंच, आणि परत उतरताना पुन्हा. ही सगळी कार्डं फुकट असतात. पैसे मागणारी साईट दिसली तर बंद करा.

देवगिरीने मुंबई, तिथून विमान. सिंगापुरात मरीना बे क्रूझ सेंटरला पोचलो तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत प्लॅस्टिकचं फोल्डर होतं, त्यात कंपनीचा ईमेल आणि चारही संमतिपत्रं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, माझ्याकडे एकदा बघितलं, व्हिसा बघितला आणि कार्ड दिलं. पुढे उदगीरची होती. तिच्याकडेही तेवढंच बघितलं. तिने मागे वळून मला विचारलं, "बस?" फोल्डरची चेन उघडलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी जहाज हललं तेव्हा आम्ही चौघी वरच्या डेकवर कठड्याला धरून उभ्या होतो. पाण्याकडे बघून कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

गुढीपाडव्याला गावी गेले तेव्हा उदगीरला जाऊन काकूंना त्यांचे कागद परत दिले. दाखला, प्रतिज्ञापत्र, संमतिपत्र. काकूंनी विचारलं, "लागला का गं ह्यो कागद?" मी नाही म्हणाले. त्यांनी त्यांची सही एकदा बघितली, तिन्ही कागद एकात एक घडी घातले आणि पेटीत साडीखाली ठेवून दिले.