एक फांदी द्याल का?

मनी प्लांट विकत आणायचा नसतो, चोरून आणायचा असतो, तरच तो लागतो आणि तरच घरात पैसा येतो, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की अत्यंत सज्जन, पेन्शनर, भाजीवाल्याने चुकून दोन रुपये जास्त दिले तर मागे फिरून परत करणारी माणसंसुद्धा दुसऱ्याच्या जिन्यातून उतरताना एक शेंडा हळूच खुडून पिशवीत टाकतात. पैशाचं मला माहीत नाही. लागण्याचं म्हणाल तर तो विकतचा पण लागतो, मागून आणलेला पण लागतो, आणि कचऱ्याच्या डब्यामागे पडलेला पण लागतो. गंमत अशी की कुणीतरी तोडून नेणं हाच ह्या झाडाचा पसरायचा मुख्य रस्ता आहे. मनी प्लांटला फूल आलेलं कधी बघितलंय का? नाही ना? मीही नाही. आपण ज्यांना ओळखतो त्यातल्या कुणीच नाही.

हे झाड मूळचं पॅसिफिक महासागरातल्या ताहितीच्या शेजारच्या मोरेआ बेटावरचं. १८८० मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढे ते बिचारं ह्या नावातून त्या नावात फिरत राहिलं, कारण झाड कुठलं ते ठरवायला वनस्पतीवाल्यांना फूल लागतं आणि हे तर फुलायलाच तयार नाही. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे. २०१६ मध्ये संशोधकांनी कारण शोधलं की ह्याच्या अंगात जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक बनवणारा एक जीनच नीट काम करत नाही. जिबरेलिन म्हणजे आपले नाशिकचे द्राक्षवाले ज्याला जीए म्हणतात आणि ज्यात घड बुडवतात तेच. वरून ते फवारलं तर मनी प्लांट फुलतो. पण आपण कोण फवारायला बसलोय! त्यामुळे फूल नाही, बी नाही, आणि तरीही हे झाड पानाच्या टपरीपासून विमानतळापर्यंत सगळीकडे आहे. सगळं फांदीवर फांदी, फांदीवर फांदी. म्हणजे माझ्या किचनच्या खिडकीतला मनी प्लांट हा शेजारच्या काकूंच्या मनी प्लांटचं पिल्लू नाहीये, तोच आहे. तेच झाड, फक्त दुसऱ्या बाटलीत. हे एकदा डोक्यात शिरलं ना की कुठल्याही बँकेत, दातांच्या दवाखान्यात, एसटी कँटीनमध्ये कोपऱ्यात ती हिरवीपिवळी पानं दिसली की ओळखीचं कुणीतरी भेटल्याचं वाटतं, आणि नंतर असंही वाटतं की आपण जरा जास्तच विचार करतोय.

तर मला हा नाद आहे. झाडं वाढवायचा म्हणता येणार नाही कारण वाढलेल्या झाडात मला फार रस नसतो, फांदी तोडून तिला मुळ्या फुटेपर्यंतचं जे काही आहे त्यात रस आहे. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, कोलियस, मॉन्स्टेरा, जे मिळेल ते. आणि ह्या नादाचा निम्मा भाग झाडांचा नसून माणसांचा आहे, कारण फांदी मागावी लागते.

मागितल्यावर देणाऱ्यांचे प्रकार असतात. एक प्रकार म्हणजे "घे ना गं, त्यात काय विचारायचं" म्हणत अर्धी वेल उपटून देणारा, हे लोक देवमाणूस. दुसरा प्रकार म्हणजे "देते की, पण आत्ता नको, दिवेलागणीला झाडाला हात लावत नाहीत", त्यामुळे सकाळी परत जावं लागतं, परत चहा होतो, परत त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकाव्या लागतात, आणि एवढ्या सगळ्याची फी म्हणून एक फांदी मिळते, जी तशी स्वस्तच म्हणायची. तिसरा प्रकार नर्सरीचा पत्ता देतो. हडपसरच्या पुढे, उरुळी कांचनला, खूप नर्सऱ्या आहेत बघ, स्वस्त मिळतं. अहो मला माहितीये तिथे मिळतं, पण मला तुमचंच पाहिजे! आणि चौथा प्रकार सगळ्यात अवघड, जो देतो आणि मग दर भेटीत विचारतो, "आमच्या फांदीचं काय झालं?" लेक सासरी दिल्यासारखी चौकशी. ह्यांच्याकडून फक्त न मरणारी झाडं घ्यावीत.

फांदी घरी न्यायची पण एक रीत आहे. कापलेलं टोक ओल्या फडक्यात किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी फुगवून बांधायची. पान पाणी उडवत राहतं आणि खालून प्यायला मुळं नाहीत, म्हणून पिशवीतली दमट हवा महत्त्वाची. लोकलमध्ये ही पिशवी मांडीवर घेऊन बसलं की शेजारची बाई विचारतेच, कसलं आहे हो. दोनतीन स्टेशनं त्यावर जातात आणि कधीकधी त्यातली एक फांदी उतरतानाच दुसरीकडे जाते.

आता कापायचं कुठे. पेरापाशी. म्हणजे जिथून पान निघतं तो जो गाठीसारखा भाग असतो तो फांदीसोबत यायला हवा आणि काप त्याच्या किंचित खाली. इंस्टावर सगळे नोड नोड करतात. मी एकदा मामाला बाटल्या दाखवत होते आणि हे नोडचं समजावून सांगत होते. मामाचं आयुष्य वाळवा तालुक्यात ऊस लावण्यात गेलंय. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मग आम्ही ऊस काय बी टाकून लावतो व्हय?" बरोबरच आहे. दोन डोळ्यांची टिपरी सरीत आडवी टाकायची, डोळे बाजूला येतील अशी, मातीने झाकायची, पेरातून मुळ्या, डोळ्यातून कोंब. आणि तिथेही तीच गोष्ट, को ८६०३२ जातीचा ऊस सांगलीत असो की नगरला, मुळात एकाच रोपाची वाढलेली टिपरी आहे सगळी. हापूसचंही तेच, फक्त त्याचं कलम दुसऱ्या आंब्याच्या रोपावर बांधतात. इंस्टावाल्यांच्या आधी कितीतरी पिढ्या आपले लोक हेच करत आलेत, फक्त त्यांनी बॅकग्राउंडला गाणं लावलं नाही.

पेरातूनच का, तर तिथे पेशी अजून "आपण काय व्हायचं" हे पूर्ण ठरवून बसलेल्या नसतात. मनी प्लांट-मॉन्स्टेरा ह्यांच्या पेरावर तर हवेतली मुळं आधीच तयार असतात, छोटे तपकिरी खुंट दिसतात ना, ते. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनतं आणि ते खोडातून खाली सरकत राहतं. आपण मधेच कापलं की त्याला पुढे जायला रस्ता नसतो, मग ते कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथल्या पेशींना मुळ्या काढायला लावतं. नर्सरीत जी रूटिंग पावडर मिळते ती ह्याच्याच भावंडाची असते. मनी प्लांटला तिची काही गरज नाही, रबर प्लांटसारख्या जाड खोडाच्या झाडाला उपयोग होतो. खरं तर रबर प्लांटला गुटीच बांधावी, सांगोल्याकडे डाळिंबाला बांधतात तशीच, साल गोल काढायची, ओलं मॉस लावायचं, प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं आणि विसरून जायचं. मुळ्या आल्या की मग कापायचं. चीक मात्र हाताला आणि फरशीला लागतो, आणि फरशीचा निघत नाही.

बाटलीबद्दल माझी मतं आहेत. काचेची पारदर्शक बाटली फोटोला छान दिसते पण उन्हाने आत शेवाळ धरतं, तपकिरी बाटली चांगली, आणि घरात तपकिरी बाटल्या कुठून येतात ह्याची चर्चा इथे नको. पाणी दर आठवड्याला बदलायचंच. एक तर साठलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, मुळांना श्वास घ्यावा लागतो, पाणी बुळबुळीत झालं की टोक सडतं. आणि दुसरं म्हणजे डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं दारोदार बॅटरी घेऊन येतात तेव्हा फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली ह्या तीन गोष्टी बघतातच. आमच्याकडे आलेल्या ताईंनी किचनच्या खिडकीतली रांग बघून आधी कपाळाला हात लावला, एकेक बाटली उजेडात धरून तपासली, काही सापडलं नाही, आणि जाताना म्हणाल्या, "ह्या जांभळ्या पानवाल्याची एक फांदी द्याल का?"

पावसाळा तसा ह्या कामाचा राजा. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की फांदी सुकत नाही, ऊबही असते, जे लावाल ते धरतं. पुण्यात डिसेंबरात हीच फांदी नुसती उभी राहते, मरत पण नाही आणि काही करत पण नाही, आणि आपण रोज सकाळी ब्रश तोंडात धरून बाटलीत डोकावतो. रोज बघून काही होत नाही हे माहीत असतं. तरी बघतो. आधी टोकाशी पांढरट गाठ येते, मग एक दिवस बारीक टोचा बाहेर आलेला दिसतो, आणि मग घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवायचं, त्यांनी "हो, छान" म्हणायचं आणि परत मोबाइलमध्ये जायचं.

काही झाडं मात्र फसवी असतात. व्हॅलेंटाइनच्या सुमारास नर्सरीत ते बदामाच्या आकाराचं एकच जाड पान छोट्या कुंडीत रोवलेलं मिळतं, होया केरी. माझ्या मैत्रिणीला तिच्या नवऱ्याने लग्नाआधी दिलं होतं. ते पान हिरवंगार राहतं, त्याला मुळ्या पण असतात, पण सोबत पेर आलेला नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. वर्षानुवर्षं नुसतं एक पान. लग्नाला बरीच वर्षं झाली, पान अजून तेवढंच आहे, आणि मी तिला हे कारण अजून सांगितलेलं नाही.

स्नेक प्लांटची वेगळीच तऱ्हा. त्याच्या पानाचे तुकडे करून मातीत खोचले तरी मुळ्या येतात, फक्त वरची बाजू वर ठेवायची, उलटं खोचलं तर चालत नाही. पण ज्याला पिवळ्या कडा असतात त्या जातीचं पान लावलं तर नवीन रोप साधं हिरवं येतं, पिवळी कड गायब! कारण त्या पानात दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी थरांनी शेजारी शेजारी राहत असतात आणि पानाच्या तुकड्यातून नवा कोंब बहुतेक आतल्या हिरव्या पेशींचाच निघतो. पिवळी कड पाहिजे तर मुळापासून गड्डाच वेगळा करायला लागतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या झाडांच्या किमती आभाळाला भिडतात त्या ह्याच भानगडीमुळे, रंग बियातून येत नाही, फांदीतूनच आणावा लागतो आणि तोही टिकेल ह्याची खात्री नाही. २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये असं एक पांढरं-हिरवं, नऊ पानांचं झाड ऑनलाइन लिलावात १९,२९७ न्यूझीलंड डॉलरला गेलं, म्हणजे आपले दहाएक लाख. एका पानाला लाखाच्या वर. मामाला हे सांगितलं तर त्याने उसाच्या दराबद्दल जे उद्गार काढले ते लिहिण्यासारखे नाहीत.

ह्या सगळ्यात माझी आवडती गोष्ट पिलिआची आहे, ती गोल नाण्यासारख्या पानांची. चीनच्या युनान भागातलं झाड. १९४५ च्या सुमारास आग्नार एस्पेग्रेन नावाचा नॉर्वेचा मिशनरी चीनमधून निघाला तेव्हा त्याने एक रोप खोक्यात घालून सोबत आणलं, वाटेत ते कुटुंब वर्षभर कलकत्त्यात राहिलं, रोपही राहिलं, जगलं, आणि १९४६ मध्ये नॉर्वेला पोचलं. तिथे तो ज्याला भेटेल त्याला पिल्लं देत सुटला. त्यांनी पुढे दिली. असं करत करत हे झाड स्कँडिनेव्हियातल्या खिडक्याखिडक्यांत पोचलं, आणि युरोपातल्या वनस्पतीवाल्यांना मात्र बरीच वर्षं पत्ताच नव्हता की हे नक्की आहे काय. दुकान नाही, जाहिरात नाही, नुसतं "तुला पाहिजे का एक?" मला कलकत्त्याच्या त्या वर्षाचं फार कुतूहल आहे. त्या दमट उकाड्यात एखाद्या बंगाली काकूने नक्की मागितलं असणार, आणि मग ते आपल्याकडेच का नाही पसरलं!

पाण्यातून मातीत हलवताना फांद्या जरा रुसतात. पाण्यातली मुळं नाजूक असतात, त्यांना मातीतून ओल शोधायची सवय नसते, म्हणून मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की लगेच हलवावं, फार लांब होऊ देऊ नये, आणि पहिले आठ-दहा दिवस माती ओलसर ठेवावी. कोकोपीट, थोडी वाळू, मूठभर शेणखत, बास. नंतर प्रश्न उरतो तो जागेचा. आमच्या घरी ग्रिल भरलंय, जिना भरलाय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्याचा विषय निघालाय. मग वाटायचं. कामवाल्या ताई, पोरीची टीचर, कुरियरवाला, सगळ्यांकडे आता माझी झाडं आहेत, आणि ह्यात एक स्वार्थ पण आहे, आपल्याकडचं गेलं तरी कुणाकडे तरी आहे, मागून आणता येतं.

मावसबहीण न्यू जर्सीला असते. मागच्या वेळी आली तेव्हा मावशीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, बाल्कनीतल्या मनी प्लांटची फांदी न्यायचं तिच्या फार मनात होतं. तो वेल मुळात आमच्या आजीच्या वाड्यातला. पण असं झाड बॅगेत घालून नेता येत नाही, सर्टिफिकेट लागतं, एअरपोर्टवर काढून घेतात. मी तिला समजावलं, अगं तुझ्या ऑफिसात असेलच एखादा, त्याचीच तोड, सगळे मनी प्लांट शेवटी एकच झाड आहे, सायन्स आहे हे. ती म्हणाली, "मग तू तरी कशाला आईकडून दोनदा खेटे घालून आणलास? तुमच्या खालच्या बँकेतला तोडायचा की."

मी म्हटलं, बँकेत कॅमेरे असतात.