धावण्याची ढब बदलताना

मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागला, तेव्हा माझा श्वास ताब्यात होता, पण पाय उचलत नव्हते. सलग दुसऱ्या वर्षी तेच घडले. आठवड्याला 50 किलोमीटरचा सराव नियमित होऊनही वेळ सुधारत नव्हती, तेव्हा माझ्या धावण्याच्या पद्धतीतच कुठेतरी ऊर्जा वाया जात असावी, असे मला वाटू लागले. हे निदान बरोबर होते. त्यावर मी सुरुवातीला केलेला उपाय मात्र चुकीचा होता.

लांब पल्ल्याच्या धावपटूची क्षमता मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, त्यातला किती वाटा दीर्घकाळ टिकवू शकते आणि ठरावीक वेगाने धावताना त्याला किती प्राणवायू खर्चावा लागतो. यांतल्या तिसऱ्या गोष्टीला रनिंग इकॉनॉमी म्हणतात. गाडीचे ॲव्हरेज असते, तसेच हे शरीराचे ॲव्हरेज. सरावलेल्या धावपटूला एक किलोमीटर धावताना वजनाच्या दर किलोमागे साधारण 200 मिलिलिटर प्राणवायू लागतो, आणि सारखीच क्षमता असलेल्या दोघांमध्येही या खर्चात बराच फरक असू शकतो.

1984च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी धावपटूंची पावले मोजली, तेव्हा जवळजवळ सर्वांची गती मिनिटाला 180 किंवा त्याहून अधिक भरली. हे वाचून मी फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारे ॲप, लावला आणि 160 वरून थेट 180 वर गेले; शिवाय टाचेऐवजी चवड्यावर उतरायचा आग्रह धरला. ती मोजणी जगातल्या सर्वोत्तम धावपटूंची, शर्यतीच्या वेगातली होती आणि मी किलोमीटरला साडेसहा मिनिटे घेत होते, हा भेद मी लक्षात घेतला नाही. पाचव्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा, इतकी आखडलेली असे की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागे. चवड्यावर उतरले की पोटरीवर आणि त्या कंडरेवर जास्त भार येतो, आणि टाचेवर उतरायची सवय असलेल्या माणसाची त्यामुळे ऊर्जा वाचतेच असे नाही, हे मला फिजिओथेरपिस्टकडून कळले.

त्यांनी मला ट्रेडमिलवर धावायला लावून बाजूने व्हिडिओ काढला. दोष टाचेत नव्हता. पाऊल गुडघ्याच्या बरेच पुढे, पाय जवळजवळ ताठ ठेवून पडत होते. म्हणजे प्रत्येक पावलाला मी स्वतःला थोडा ब्रेक लावत होते आणि गेलेला वेग पुन्हा कमावत होते. माझ्या वेगाने पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे 44,000 पावले पडतात. दर पावलाला शरीर गरजेपेक्षा एक सेंटिमीटर जरी जास्त वर उचलले गेले, तरी बेरीज 440 मीटर होते. हा हिशेब मी घरी वहीत मांडला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

बारा आठवडे पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम केला. त्यानंतर पावलांची गती फक्त पाच टक्क्यांनी, म्हणजे 168 पर्यंत वाढवली, तीही आठवड्यातल्या दोनच धावांत आणि एका वेळी काही मिनिटे. पाऊल कुठे टेकते याचा विचार सोडून दिला; गती किंचित वाढताच ते आपोआप शरीराच्या जवळ पडू लागले. धावपटूने स्वतःहून निवडलेली पावलाची लांबी बहुधा त्याच्यासाठी किफायतशीर लांबीच्या जवळपासच असते, म्हणून बदल लहान ठेवायचा, हे फिजिओथेरपिस्टचे म्हणणे मला पटले.

सर्वांत मोठा फरक पडला तो मात्र वजने उचलल्याने, असे माझे मत आहे. आठवड्यातून दोनदा जड स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि शेवटी दोरीवरच्या उड्या. कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाऊन साठवलेली ऊर्जा परत देते. ती जितकी कणखर, तितके स्नायूंचे काम हलके. आपल्याकडे चाळिशीच्या बायकांना जड वजनांपासून दूर राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रयोगशाळा परवडणारी नव्हती, म्हणून मी सणस मैदानाच्या ट्रॅकवर दर महिन्याला त्याच वेगाने, तेच बूट घालून पाच किलोमीटर धावून हृदयाचे ठोके नोंदवले. बूटही तेच, कारण जोडीतल्या प्रत्येक बुटाचे वजन 100 ग्रॅमने वाढले की ऊर्जेचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. पुण्यातला एप्रिल आणि डिसेंबर यांची तुलना करता येत नाही, म्हणून डिसेंबरची नोंद मागच्या डिसेंबरशीच ताडून पाहिली: सरासरी 158 ठोक्यांवरून 150 वर. यात वर्षभराच्या सरावाचाही वाटा आहे. तो वेगळा काढणे मला शक्य नाही.

ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ 2003 साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांचा विश्वविक्रम करताना सतत मान हलवत धावत होत्या. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्याआधीच्या अकरा वर्षांत फारशी वाढली नव्हती, पण किफायत सुमारे 15 टक्क्यांनी सुधारली होती. धावताना माझा डावा हात आजही छातीसमोरून आडवा जातो. नव्या व्हिडिओत तो स्पष्ट दिसला. फिजिओथेरपिस्टने आणि मी मिळून तो तसाच राहू द्यायचे ठरवले आहे.