तिसऱ्यांचं पाणी

शनिवारी संध्याकाळी मार्केटात बऱ्याच दिवसांनी मस्त तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) दिसल्या, घट्ट मिटलेल्या, वास अजिबात नाही, मग काय, दोन वाटे घेतले. मावशी म्हणाली सोलून देते गो बाय, पाच मिनटं थांब. मी नको म्हटलं. सोलून घेतल्या की आतलं पाणी तिथेच गटारात जातं आणि आमच्या घरात तेवढं एक चालत नाही.

आमचं गाव वेंगुर्ल्याकडे, पण मी वाढले लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराची खोली आणि आम्ही सात जणं. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण आजीकडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे असल्यासारखंच वाटतं. पगार बंद, सुरमई पापलेटचं नाव नाही, तेव्हा आजी तिसऱ्यांचा एखादा वाटा आणायची. तिसऱ्या थोड्या आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून शिंपल्यातलं पाणी थेंबही न सांडता कालवणात घालायची आणि त्या रश्शावर सगळ्यांचा भात व्हायचा. पुढे दिवस बरे आले तरी हाताची ती सवय गेली नाही. आम्ही पोरं धुवायला बसलो की मागून आवाज यायचाच, "आतला पाणी टाकू नको हां गो, त्यातच सगळी चव आसा."

रविवारी सकाळी पप्पा गॅलरीत विळी घेऊन बसायचे. एरवी चहासुद्धा स्वतः न करणारा माणूस, पण तिसऱ्या उघडायच्या त्यांनीच! खाली टोप, विळीच्या पात्यावर तिसरी धरून उघडायची, पाणी टोपात, एक शिंपली फेकायची आणि मांस दुसऱ्या शिंपलीत तसंच ठेवायचं, म्हणूनच ह्याला एकशिपी म्हणतात. आम्ही भावंडं शेजारी बसून फेकलेल्या शिंपल्या मोजायचो, त्यावरून भांडायचोसुद्धा.

मला विळीवर जमत नाही, हात कापायची भीती वाटते. मी पाच-सहा पाण्यांनी धुवून रात्रभर फ्रीझरला ठेवते, सकाळी परातीत काढल्या की थोड्या वेळाने तोंडं उघडतात आणि पाणी परातीत जमतं. ते पाणी एका भांड्यात काढून जरा वेळ हलवायचं नाही, रेती तळाला बसते, मग वरचं वरचं अलगद ओतून घ्यायचं. बाकी कांदा-खोबरं चांगलं लालसर भाजून वाटण, मालवणी मसाला, फोडणीला भरपूर कांदा, त्यात तिसऱ्या आणि ते पाणी. दहा मिनटं बास, जास्त शिजवल्या तर रबर होतात. शेवटी तीन-चार कोकमं. आणि मीठ अगदी शेवटी, चाखूनच, कारण ते पाणी मुळातच खारट असतं. सोललेल्या पाकिटातल्या तिसऱ्याही मी आणून बघितल्यात, वाटण तेच, मसाला तोच, पण ती खाडीची चव काही केल्या येत नाही.

आजी २००९ ला गेली. काल उकळी आल्यावर जो वास सुटला ना, मी गॅस बारीक करून तशीच ओट्याजवळ उभी राहिले, चाळीतली ती खोली, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली आजी, तिच्या ताटाशेजारचा शिंपल्यांचा ढीग, सगळं समोर आलं. लेक शिंपली तोंडाला लावून रस्सा ओढत होती, तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने, एरवी एक संपत नाही.

पप्पा आता गावीच असतात. दुपारी फोन करून सांगितलं आज एकशिपी केली. कशी झाली वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "पाणी घातलंस मा?"

सगळं घातलं म्हटलं.

"मग थोडा रस्सा उद्याक ठेव. शिळो जास्त बरो लागता."