पाऊण गोलाची गोष्ट

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत कॅरमचा बोर्ड दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी मांडलेला असायचा. तळमजल्यावरचे एक काका गिरणीतून सुटले की बनियनवरच खेळायला यायचे. त्यांचा हात असा होता की सरळ गेम लावायला कुणी पुढे होत नसे. मग ते स्ट्रायकर बोटांवर फिरवत म्हणायचे, "दहा देतो, खेळतोस?" पंचवीसचा गेम. म्हणजे त्यांना पंचवीस करायचे आणि आपल्याला पंधराच. पैज कटिंग चहाची. एवढं ऐकलं की लगेच तीन पोरं बाकावर टेकलेली असायची.

मागच्या महिन्यात भाच्याने विचारलं, "मामा, फुटबॉलच्या पैजेत हे मायनस दीड काय असतं रे? दीड गोल मारतात कसा?" तेव्हा मी त्याला हेच काका सांगितले. हँडिकॅप म्हणजे तगड्याने कच्च्याला दिलेली सूट. फुटबॉलमध्ये ती गोलांत देतात, महालक्ष्मीला घोड्यांच्या पाठीवरच्या वजनात. सूट अशी बेतायची की कुणावर लावावं ते ठरवताना डोकं खाजवावं लागेल.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकतो. आपल्याकडे मॅचवर पैसे लावणं बेकायदा आहे. जुगाराचा जुना कायदा १८८७ चा, त्यातून सुटली ती रेसकोर्सवरची रेस. २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. आम्ही चौघे शनिवारी रात्री मॅच बघतो आणि पैज लावतो ती रविवारच्या मिसळीची. हिशेब दोनशे पानी वहीत, आणि वही माझ्याकडे, कारण मी अकाउंट्सवाला.

आता दीड गोल. आर्सेनल मायनस दीड म्हटलं की आर्सेनलच्या गोलांतून दीड वजा करायचे आणि मग बघायचं कोण पुढे. २-० झालं तर अर्ध्याने पुढे, पैज जिंकली. १-० झालं तर मॅच जिंकली, पैज हरली. अर्ध्याचा फायदा हाच की बरोबरी होतच नाही.

मायनस एक घेतलं आणि टीम एकाच गोलाने जिंकली, तर बरोबरी. पैसे परत. आमच्याकडे मिसळ कुणीच द्यायची नाही.

खरी गंमत पाव आणि पाऊणमध्ये आहे. हा प्रकार आशियातला. तिकडे त्याला हांग चेंग म्हणायचे. १९९८ मध्ये एका इंडोनेशियन बुकीने जो सॉमारेझ स्मिथ या ब्रिटिश पत्रकाराला इंग्रजीत नाव सुचवायला सांगितलं, तेव्हापासून ते एशियन हँडिकॅप झालं. इंग्रजीत ०.२५, ०.७५, १.२५ वाचताना माणूस बिचकतो. पण ज्या भाषेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घ्यायचे, तिला हे अवघड का जावं? माझे आजोबा भाजीवाल्याशी पाऊणकीत भांडायचे. त्यांना फुटबॉलचा ओ की ठो कळत नव्हता, पण हँडिकॅप दोन मिनिटांत कळला असता.

पाऊण म्हणजे पैज दोन वाट्यांत तोडायची. मायनस पाऊणवर शंभर लावले की पन्नास मायनस अर्ध्यावर गेले, पन्नास मायनस एकवर. भाव १.९० धरू, म्हणजे जिंकलं तर लावलेल्या रुपयाचे एक रुपया नव्वद पैसे हातात. टीम एका गोलाने जिंकली तर पहिल्या पन्नासचे पंचाण्णव होतात, दुसरे पन्नास जसेच्या तसे परत येतात. हातात एकशे पंचेचाळीस. दोन गोलांनी जिंकली तर पूर्ण एकशे नव्वद, ड्रॉ झाला तर शून्य. मायनस पाव त्याहून मवाळ, पन्नास शून्यावर आणि पन्नास मायनस अर्ध्यावर. ड्रॉ झाला तरी निम्मे परत मिळतात. आणि कच्च्या टीमला प्लस पाव, म्हणजे तिच्या गोलांत पाव मिळवून, घेतलं आणि ड्रॉ झाला, तर तेच एकशे पंचेचाळीस.

मिसळीच्या बाबतीत यावर आम्ही बरेच भांडलो. अर्धी पैज हरली तर द्यायचं काय, अर्धी प्लेट? शेवटी मेव्हण्याने तोडगा काढला, "भाऊजी, अर्धं हरलं की जोडीचे पाव आणि चहा त्याच्याकडून, मिसळ ज्याची त्याने." म्हणजे आमच्यात पाव हँडिकॅप हरणारा खरोखरच पाव देतो. वहीत तसं एक वेगळं कलम आहे.

वही सुरू झाली ती मात्र एका ठेचेमुळे. २०१८ चा वर्ल्ड कप, १८ जून, इंग्लंड विरुद्ध ट्युनिशिया. रात्री साडेअकराची मॅच. ओळखीतल्या एकाकडे मी इंग्लंड मायनस एकवर दोन हजार लावले होते. हो, रोख, आणि हो, बेकायदा. नव्वद मिनिटं झाली तरी १-१, दोन हजार गेले म्हणून मी पाणी प्यायला उठलो. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला कॉर्नरवर हॅरी केनने डोक्याने गोल टाकला. २-१! मी इतका ओरडलो की बायको उठून बाहेर आली. एका गोलाने जिंकले, मायनस एक, म्हणजे दोन हजार परत, असा माझा हिशेब.

सकाळी फोन केला तर तो म्हणतो, "परत कसले? तुझा तीन बाजूंचा हँडिकॅप होता."

तो खोटं बोलत नव्हता. युरोपियन हँडिकॅपमध्ये जीत, ड्रॉ, हार अशा तीन बाजू असतात. मायनस एकला टीम एका गोलाने जिंकली तर तो हँडिकॅपचा ड्रॉ, आणि ड्रॉवर तुम्ही लावलेलं नसतं. आकडा तोच, खेळ वेगळा. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. रोख पैसे लावायचं त्या दिवसापासून बंद केलं आणि स्टेशनबाहेरून वही घेतली.

तिच्या पहिल्या पानावर दोन ओळी आहेत. एक, तीन बाजू की दोन, आधी विचार. दुसरी, हिशेब नव्वद मिनिटांचा आणि वर मिळालेल्या इंज्युरी टाइमचा, एक्स्ट्रा टाइम धरायचा नाही. या दुसरीवरून २०२२ च्या फायनलला घरात रण माजलं. ७९ व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० पुढे, आणि मग एम्बाप्पेने दीड-दोन मिनिटांत दोन गोल मारले. नव्वदला २-२. पुढे ३-३, पेनल्टी, मेस्सीच्या हातात कप, सगळं झालं. पण वहीत २-२. माझ्या मित्राकडे अर्जेंटिना मायनस पाव होतं. टीम जगज्जेती आणि हा पाव घेऊन येतोय! अजून ऐकवतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न खरा कामाचा होता. "मग लावायचं कधी?"

मला विचाराल तर, कोण जिंकणार याची सगळ्यांना खात्री आहे पण कितीने याबद्दल तुमचं काही स्वतःचं मत आहे, तेव्हा. १.२० भावाने शंभर लावले तर वीस सुटतात. सहापैकी पाच वेळा बरोबर आलात तर जेमतेम मुद्दल हातात. अशा मॅचला मायनस दीडला भाव बरा मिळतो, पण तेव्हा बघायचं की टीमला गोलांची भूक आहे का. मार्च २०१७ मध्ये बार्सिलोना पॅरिसशी दोन मॅचच्या लढतीतल्या पहिल्या मॅचमध्ये चार गोल खाऊन आली होती, तिला थांबून चालणारच नव्हतं, पॅरिसला तिने ६-१ मारले. याउलट बुधवारी मोठी मॅच असलेली टीम शनिवारी २-० झालं की दोन स्टार बाहेर बसवते आणि बॉल इकडून तिकडे फिरवत राहते. तिथे मायनस अडीच घेणाऱ्याची मला कीव येते.

कच्ची टीम मागे दहा जण घेऊन बसणारी असेल तर प्लस दीड मला आवडतं. तोडीस तोड टीम असतील तर मायनस शून्य, ड्रॉ झाला तर विषय संपला. आणि मत नसेल तर नुसती मॅच बघावी, ती फुकट असते. दोन्ही बाजूंना १.९० भाव दिसला की लोकांना वाटतं सामना बरोबरीचा. तसं नाही, शंभरातल्या त्रेपन्न पैजा जिंकाल तेव्हा कुठे चार पैसे सुटतील. बुकी आपलं पोट आधीच त्या भावात भरून घेतो.

हे शहाणपण मी स्वतः नेहमी पाळतो असं नाही. ४ मे २०२४, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, मोहन बागान विरुद्ध आपली मुंबई सिटी, तेही कोलकात्यात. मेव्हणा पाच वर्षं तिकडे नोकरीला होता, पक्का बागानवाला. तो डिवचायला लागला आणि मी भडकून म्हणालो, मुंबई मायनस एक! ज्या टीमला सूट मिळायला हवी तिच्याकडून सूट देऊन बसलो. हाफटाइमच्या तोंडावर बागानचा गोल झाला, मेव्हण्याने माझ्यासमोर खुर्ची ओढली. मग पेरेरा डियाझने बरोबरी केली, ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंगने २-१. मी म्हटलं, चला, मिसळ वाचली. आणि सत्त्याण्णवाव्या मिनिटाला वॉय्टुसचा तिसरा.

मेव्हणा काही बोलला नाही. उठला, वही मागितली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मुंबई -१, ३-१, मिसळ एक, तर्री जास्त."

भाचा येत्या शनिवारपासून येतो म्हणालाय. त्याला मिसळ तिखट लागते, म्हणून त्याने आधीच जाहीर केलंय की तो फक्त पाव आणि पाऊणच खेळणार.