संक्रांत झाल्यावर पाहू

21 डिसेंबर 2025, रविवार. मळ्यात, रात्रीचे 11 वाजून गेलेत.

भरिताची पार्टी आटोपली. नाना आणि मास्तर आत्ताच भुसावळकडे निघाले. हाताला तुराट्यांच्या धुराचा वास अजून आहे. लाइट साडेअकराला येईल, मग मोटर चालू करायची. तोवर वही काढलीये.

विषय जेवायच्या आधीच निघाला होता. मास्तरने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "बापू, सोडतीत नाव टाकायची शेवटची तारीख 13 जानेवारी."

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तिकिटांची सोडत. पुढच्या वर्षी 11 जून ते 19 जुलै, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको. 48 संघ, 104 सामने, 16 शहरं. अर्जेंटिनाचा पहिला सामना अल्जेरियाशी कॅन्सस सिटीला, नंतरचे दोन डॅलसला, 22 आणि 27 जूनला. मधल्या 24 तारखेला मेस्सी 39 वर्षांचा होणार. हे सगळं मास्तरला तोंडपाठ आहे. गेल्या रविवारी मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा हा मुंबईला जाऊन त्याला लांबून पाहून आला. तेव्हापासून जमिनीवर नाही.

यामागे एक वचन आहे. 18 डिसेंबर 2022, तोही रविवारच होता आणि तेव्हाही भरीतच होतं. शेडच्या भिंतीवर चादर बांधून आम्ही फायनल पाहिली. अर्जेंटिना दोन गोलने पुढे, आम्ही निवांत, वांगी जाळावर. मग 80 व्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी आणि लगेच पुढच्या मिनिटाला एम्बाप्पेचा दुसरा गोल. जाळाकडे कोण बघतो? वांगी पार कोळसा झाली. 3-3, मग पेनल्ट्यांवर अर्जेंटिना 4-2. रात्री आम्ही पुऱ्या नुसत्या मिरचीच्या ठेच्याशी खाल्ल्या आणि नानाने ताटावर हात ठेवून सांगितलं, पुढचा वर्ल्ड कप मैदानात बसून पाहायचा.

खरं तर जायचा वर्ल्ड कप तोच होता. कतार! मुंबईहून चारेक तासांचं विमान. भुसावळहून मुंबई गाठायला रेल्वेला त्याहून जास्त वेळ लागतो. आठही स्टेडियम दोह्यात आणि आसपास, वेगळा व्हिसा नको, तिकीट आणि हय्या नावाचं प्रेक्षकांचं कार्ड दाखवलं की आत. मी त्या ऑगस्टमध्ये गुपचूप पासपोर्टही काढला होता. या दोघांना अजून सांगितलेलं नाही. मग नोव्हेंबर आला, एक्स्पोर्टची कटाई आली आणि मी राहिलो. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माझी केळी 13 किलोच्या खोक्यांत बसून, रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून आखातात गेली. घड गेले, मालक इथेच.

आता अमेरिकेचं गणित. व्हिसाची फी माणशी 185 डॉलर, डॉलर नव्वदच्या घरात. म्हणजे नुसतं अर्ज करायला तिघांचे पन्नास हजार, आणि नकार आला तरी ते परत नाहीत. तिकीट हातात असलं म्हणजे व्हिसा मिळेलच असं नाही. तिकीटवाल्यांना मुलाखतीची तारीख लवकर देण्याची सोय केलीये म्हणे, पण वांद्र्याच्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीसमोर उभं आपल्यालाच राहायचंय. परत येणार याचा पुरावा काय, असं विचारलं तर? "सातबारा ने," नाना म्हणाला. हसलो, पण मला तरी दुसरा पुरावा सुचत नाही.

शिवाय शहरं एकमेकांपासून केवढी लांब. कतारमध्ये एका दिवसात दोन सामने पाहता येत होते, इथे दोन सामन्यांमध्ये विमान. 60 डॉलरची स्वस्त तिकिटं आली अशी बातमी परवा होती, पण ती ज्यांचे संघ खेळतायत त्यांच्या पाठीराख्यांना, त्यांच्या फुटबॉल महासंघामार्फत. आपला संघ कुठे आहे? 2024 च्या जूनमध्ये कतारशी 2-1 ने हरलो आणि पात्रतेतूनच बाहेर. रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला तो गोल आठवला की मास्तरचं जेवण अजून बंद होतं.

मास्तर मग 1950 च्या वर्ल्ड कपवर गेला. तेव्हा भारताला ब्राझीलला जायची वाट मोकळी होती आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या महासंघाने मात्र सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीवर एकमत नाही अशी कारणं दिली होती. नाना म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच. निवड झाली, सराव नाही."

जूनचं काय करायचं हे मला कळत नाही. मृगबागेची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची केळीची लागवड, कापूस, आणि वादळाची भीती. तासाभराच्या वाऱ्यात निसवलेली, म्हणजे घड बाहेर आलेली बाग आडवी होते. गेल्या महिन्यात तर केळीला भावच नव्हता. मास्तरची शाळा जूनमध्ये उघडते, नानाला रजा मिळाली तर मिळाली. मी हे सगळं बोलून दाखवलं. दोघांनी मान डोलावली. नंतर भांडी घासताना लक्षात आलं, 2022 ला नोव्हेंबर होता तेव्हाही मी बागेचंच नाव पुढे केलं होतं. केळीला बारा महिने काम. म्हणजे माझं कारणही बारा महिने तयार.

आईला मागच्या आठवड्यात सहज सांगून पाहिलं. ती म्हणाली, "येवढ्या दूर काय फक्त बॉल पाह्याले जाशीन का?" मी गप्प. ती पंढरपूरला जाते तेव्हा रांगेत चौदा तास उभी राहून विठोबासमोर किती सेकंद थांबते, ते मी विचारलं नाही.

सोडतीत नंबर लागला की पैसे आपोआप कार्डावरून कापले जातात. कोणाचं कार्ड द्यायचं यावर पुन्हा अर्धा तास. माझ्याकडे एकच आहे, किसान क्रेडिट कार्ड.

निघताना नाना गाडीला किक मारत म्हणाला, "संक्रांत झाल्यावर पाहू."

मास्तर काहीच बोलला नाही. मीही नाही. संक्रांत 14 ला.

लाइट आली. मोटर चालू करून आलो, पाणी पिलबागेत, म्हणजे जुन्या केळीच्या पिलांवर धरलेल्या बागेत सोडलंय. अर्जेंटिनाचा पहिला सामना इथे 17 जूनला सकाळी साडेसहाला दिसेल, म्हणजे दूध काढून झाल्यावर, चहाबरोबर. तसं तेही वाईट नाही.

मास्तरला मेसेज केला: डॅलस, 22 जून, माझं नाव टाक. पासपोर्टचा नंबर उद्या देतो.

एकच टिक दिसतेय. यावलच्या पुढे रेंज जाते, अजून रस्त्यात असतील.